कोपऱ्यातले तारे पाखरांसारखे का दिसतात? फास्ट वाइड लेन्स किनाऱ्यावर पारखताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तारकर्लीच्या पुळणीवरून एप्रिलात पहाटे तीनच्या सुमारास आकाशगंगेचे फोटो काढले. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, लेन्स नवी, २० मिमी एफ/१.८, म्हणजे रुंद आणि ‘फास्ट’ (भरपूर प्रकाश घेणारी). ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, पूर्ण उघडं (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), २५ सेकंद, आयएसओ ३२००. मधला भाग छान आला. पण कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या पाखरांसारखे दिसतात, डावा खालचा कोपरा बाकी तिन्हींपेक्षा वाईट आहे, आणि क्षितिजावरच्या होड्यांच्या दिव्यांभोवती धुरकट वलयं आलीत. दुकानदार म्हणतो, वाइड लेन्स अशाच असतात. लेन्स परत करावी, ठेवावी, की विकून २४ मिमी एफ/१.४ घ्यावी?

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. तुमच्या फोटोत चार-पाच वेगळी दुखणी एकमेकांत मिसळलीत आणि त्यांतलं एकच लेन्स परत करण्याजोगं आहे. ते आहे का, हे तुम्ही घरच्या खळ्यात (अंगणात) अर्ध्या तासात तपासू शकता. मात्र आधी लेन्सचा दोष नसलेल्या गोष्टी बाजूला काढू, नाहीतर चांगली लेन्स हकनाक परत जाईल.

पहिली गोष्ट, वलयं. ती बहुतेक मिठाची आहेत. आपल्याकडे दिवसभर समुद्रावरून वारा येतो आणि संध्याकाळी पुळणीवर अर्धा तास लेन्स उघडी ठेवली, की पुढच्या काचेवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो. समोरून पाहिलं तर काच स्वच्छ दिसते. मोबाईलचा टॉर्च काचेच्या अगदी कडेने, तिरपा धरा. वापरलेल्या कंदिलाच्या काचेवर आतून धुरकट साय असते ना, तसा पांढुरका पडदा उजळून दिसेल आणि त्यात बारीक बारीक कोरडे ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका दिव्याचा प्रकाश विखुरतो. मी फोटो बघायला बसलो की दिव्याभोवतीचं वलय सगळ्या बाजूंनी सारखं आहे का, हे आधी पाहतो. सारखं असेल तर मीठ किंवा दव. एका बाजूला ओढलेलं असेल तर लेन्सचं काहीतरी.

हे मीठ कोरड्या कापडाने कधीही पुसू नका. दाणे काचेवर घासले जातात आणि कोटिंगला ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने हवा मारायची, मग डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं, मीठ विरघळू द्यायचं, आणि शेवटी दुसऱ्या कोरड्या कापडाने हलक्या हाताने फिरवायचं. शक्य असेल तेव्हा मी मध्यरात्रीनंतरच किनाऱ्यावर जातो. जमिनीकडून मतलई वारा सुटला की तुषार उलट दिशेला जातात आणि काच बराच वेळ स्वच्छ राहते. तेव्हा त्रास असतो तो दवाचा. त्यासाठी लेन्सभोवती बांधायची यूएसबीवर चालणारी गरम पट्टी मिळते, ती घ्याच. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. बॅगेतच अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

लेन्सवर यूव्ही फिल्टर होता का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर रात्री काढून ठेवा. सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो आणि प्रत्येक प्रखर दिव्याचं भूत फ्रेमच्या केंद्राच्या बरोबर पलीकडे, समोरासमोर उमटतं. दिवा डावीकडे खाली, तर हिरवट ठिपका उजवीकडे वर. दिवसा, वाळू उडत असताना फिल्टर जरूर लावा.

दुसरी गोष्ट, तुमचे २५ सेकंद. ५०० ला लेन्सच्या मिमीने भागलं की तारे न ओढता किती सेकंद चालतील ते मिळतं; ५०० भागिले २० बरोबर २५, हा नियम तुम्ही पाळलात. हा नियम फिल्मच्या आणि लहान प्रिंटच्या हिशेबाचा आहे. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). २० मिमी लेन्समध्ये सेन्सरवर तो सेकंदाला सुमारे १.४५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सरकतो. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा. धनू राशीचा भाग विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला असल्यामुळे तिथली गती थोडी कमी, तरीही २५ सेकंदांत तारा ५ पिक्सेल पुढे गेला. म्हणजे तुमच्या मधल्या ‘छान’ ताऱ्यांनाही छोटी रेघ आलेली असणार. शंभर टक्क्यांवर उघडून बघा. कोपऱ्यात ही रेघ आणि लेन्सचा दोष एकमेकांवर चढतात आणि पाखरू आणखी वेडंवाकडं होतं. लेन्स पारखायची असेल तर १० सेकंदांच्या वर जाऊ नका.

तिसरी, फोकस. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे २० मिमी एफ/१.८ ला ७.४ मीटरवर फोकस केला की अनंतापर्यंत सगळं स्पष्ट यायला हवं. तो तक्ता ०.०३ मिमीचा डाग चालतो असं धरून केलेला असतो. ०.०३ मिमी म्हणजे तुमचे ५ पिक्सेल. ताऱ्यांसाठी तो तक्ता विसरा. ज्येष्ठा, चित्रा, स्वाती यांपैकी जो तारा समोर असेल तो लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करा, रिंग अगदी किंचित पुढेमागे करत तो सर्वांत बारीक होईल तिथे थांबा आणि रिंगवर टेप लावा. हे आकाश बघून झाल्यावर करू नका. गाडीतून उतरल्यावर पहिलं काम हेच. एफ/१.८ ला सेन्सरच्या पुढेमागे जेमतेम १० मायक्रॉनची सूट मिळते. डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तुलनेत ती फारच थोडी आहे.

आता पाखरांकडे येऊ.

लेन्सच्या समोरून सरळ येणारा प्रकाश एका बिंदूत आणणं त्या मानाने सोपं. तिरप्या येणाऱ्या प्रकाशाचं तसं नाही. काचेच्या मधून गेलेले किरण एका ठिकाणी मिळतात, काठाजवळून गेलेले थोडे सरकून मिळतात, आणि बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. हा कोमा. शुद्ध कोमाची शेपटी एकाच बाजूला असते. पंख दोन्हीकडे पसरतात तेव्हा त्यात ॲस्टिग्मॅटिझम (उभ्या आणि आडव्या रेषांचा फोकस वेगवेगळ्या अंतरावर पडणं) आणि आणखी किचकट दोषही मिसळलेले असतात. फोटोवाले सगळ्याला मिळून कोमाच म्हणतात, मीही म्हणतो. पण कुठला दोष किती आहे हे ओळखायची एक सोपी रीत आहे: ॲपर्चर बंद करत जा आणि काय किती वेगाने सुधारतं ते बघा. दोन स्टॉप बंद केलं, म्हणजे छिद्राचा व्यास निम्मा झाला, की गोलीय विपथनाचा (काचेच्या मधले आणि काठाचे किरण एकाच अंतरावर न जुळण्याचा) धुरकटपणा एक-अष्टमांशावर येतो, कोमाची शेपटी एक-चतुर्थांशावर, ॲस्टिग्मॅटिझमची ओढ निम्म्यावर. कडेला दिसणाऱ्या लाल-निळ्या रेघा, म्हणजे लॅटरल रंगदोष, जशाच्या तशा राहतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये काढायच्या. म्हणून एफ/१.८ वरून एफ/२.८ ला गेल्यावर पंख झटकन मिटले तर ते बहुतांशी कोमाचे होते. हट्टाने राहिले तर ॲस्टिग्मॅटिझम, किंवा मग फोकसची पातळी कोपऱ्यात वाकलेली.

हा दोष काही आजचा नाही. निकॉनने १९७७ मध्ये ५८ मिमी एफ/१.२ नॉक्ट लेन्स काढली ती रात्रीच्या दिव्यांचे हेच पंख आवरण्यासाठी. तिची पुढची ॲस्फेरिकल (गोलाकार नसलेल्या वक्रतेची) काच हाताने घासून तयार करत. आज अशा काचा साच्यात घडवता येतात, म्हणून मध्यम किमतीच्या लेन्समध्येही त्या दोन-तीन असतात. दुसरी अडचण आरशाची होती. एसएलआर कॅमेऱ्यात आरशासाठी जागा सोडावी लागे. निकॉनच्या जुन्या माउंटवर लेन्स सेन्सरपासून ४६.५ मिमी लांब असायची. २० मिमीची लेन्स इतक्या लांबून चालवायची तर उलट्या टेलिफोटोची रचना लागते, जी फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीने १९५० मध्ये स्थिर कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली. पुढे मोठी अंतर्वक्र काच आणि मागे सगळी दुरुस्ती. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत तेच अंतर सोनीला १८ आणि निकॉन झेडला १६ मिमीवर आलं. डिझाइन करणाऱ्याला सेन्सरजवळ मोठ्या काचा ठेवता आल्या, कोपरे सुधारले, वजनही उतरलं. सोनीची २०२० ची २० मिमी एफ/१.८ फक्त ३७३ ग्रॅमची आहे.

तरीही पूर्ण उघड्या ॲपर्चरला अगदी टोकाच्या कोपऱ्यात थोडे पंख दिसणारच. चारही कोपऱ्यांत ते सारखे असतील तर तो त्या डिझाइनचा स्वभाव आहे आणि दुकानदाराचं बरोबर आहे. एकाच कोपऱ्यात जास्त असतील तर तुमच्या हातातल्या त्या एका नगात काचेचा एखादा तुकडा तिरका किंवा सरकलेला बसलाय. याला डिसेंटरिंग म्हणतात. तुमचा डावा खालचा कोपरा नेमका इथे संशयास्पद आहे.

पण एका फोटोवरून निकाल देऊ नका. कॅमेरा आकाशाकडे वर वळवला की क्षितिज आपोआप फ्रेमच्या तळाशी जातं. म्हणजे ट्रॉलरचे पांढरे एलईडी दिवे, फ्रेममधले सर्वांत प्रखर बिंदू, लेन्सच्या सर्वांत दुबळ्या भागात जाऊन बसतात. एलईडीच्या प्रकाशात निळा भाग जोरदार असतो आणि ते निळं-जांभळं टोक बहुतेक लेन्सना आवरत नाही. त्यामुळे खालचा कोपरा वरच्यापेक्षा वाईट दिसणं यात लेन्सचा दोष असेलच असं नाही.

खळ्यातली चाचणी अशी करा. ॲल्युमिनियम फॉइलच्या तुकड्याला बारीक सुईच्या टोकाने साधारण अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडा आणि तो मोबाईलच्या टॉर्चवर चिकटवा. भोक गोल हवं. फॉइल पाटीवर सपाट ठेवून सुई टोचली, पूर्ण आरपार घुसवली नाही, की गोल पडतं. मोबाईल माडाला किंवा पडवीच्या खांबाला बांधा आणि १० मीटर लांब ट्रायपॉडवर कॅमेरा लावा. एवढ्या अंतरावरून त्या भोकाचं सेन्सरवरचं चित्र १ मायक्रॉनचं, म्हणजे पिक्सेलपेक्षा लहान. तुमच्या हाती एक स्थिर तारा आला. खळ्यातला बल्ब बंद करा, लेन्स पुसलेली असू द्या, फिल्टर काढा, कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद करा.

बिंदू मध्यावर आणून मोठा करून फोकस करा, रिंगला हात न लावता फोटो घ्या. मग कॅमेरा फिरवून तोच बिंदू एकेका कोपऱ्यात आणा, कडेपासून सारख्याच अंतरावर, आणि फोटो घ्या. रिंग कायम तशीच. ही पाच चित्रं झाली एफ/१.८ ला, मग तीच पाच एफ/२.८ ला. त्यानंतर प्रत्येक कोपऱ्यात वेगळा फोकस करून आणखी चार. आता चारही कोपरे शेजारी शेजारी लावून बघा. चांगल्या लेन्समध्ये वरचं डावं पाखरू आणि खालचं उजवं पाखरू एकमेकांची उलटी प्रतिमा असतात. चारही पाखरं केंद्राकडे तोंड करून बसलेली दिसतात. एक पाखरू मोठं असेल, मान वाकडी करून बसलं असेल किंवा त्याचा एकच पंख लांब असेल, तर लेन्स परत करा. मधल्या बिंदूलाच एका बाजूला शेपटी असेल तर वाद घालायलाही थांबू नका, कारण मध्यावर कोमा असायचं काही कारणच नाही. आणि कोपऱ्यात वेगळा फोकस केल्यावर चारही बिंदू सारखे बारीक झाले, तर तो फोकसच्या वाकलेल्या पातळीचा प्रकार आहे. मग ताऱ्यांचा फोकस मध्यावर न करता मध्यापासून कोपऱ्याकडे एक-तृतीयांश अंतरावर करा. मध्याचं थोडं जातं, कोपऱ्यांचं पुष्कळ सुधारतं.

ही चाचणी मी नुकसान सोसून शिकलो. वापरलेली एक २४ मिमी एफ/१.४ घेतली होती. तीन महिने तिच्यावर कातळसडे, खाड्या, माडाच्या बागा काढल्या, सगळं एफ/८ ला, आणि लेन्स उत्तम वाटली. मग शिमग्यात पालखी नाचताना एफ/१.४ ला काढली, वर देवळाच्या दिव्यांच्या माळा होत्या. डावीकडच्या माळेत प्रत्येक दिवा वेगळा दिसत होता, उजवीकडची माळ लोकर पिंजल्यासारखी. त्या वेळी परत करायची मुदत संपून गेली होती. बंद ॲपर्चरला डिसेंटरिंग लपतं, म्हणून नवी लेन्स आली की पहिल्याच रात्री फॉइल काढायची.

एफ/१.४ घ्यावी का? ताऱ्यांसाठी हिशेब असा. २० मिमी एफ/१.८ चं छिद्र ११.१ मिमीचं, २४ मिमी एफ/१.४ चं १७.१ मिमीचं. क्षेत्रफळाने दुपटीहून जास्त प्रकाश, म्हणजे फरक मोठा आहे. पण कोपरे सहन होईनात म्हणून तुम्ही ती एफ/२ ला नेलीत तर छिद्र १२ मिमीवर येतं आणि हातात आहे त्याच्या जवळपासच उरता. शिवाय २४ मध्ये तारे जास्त वेगाने सरकतात आणि आकाश कमी मावतं. केवळ आकाशगंगेसाठी मी ही अदलाबदल करणार नाही.

माणसांसाठी मात्र करेन. दशावताराच्या रात्री देवळामागच्या खोलीत एकच बल्ब असतो. नट पेटाऱ्यावर बसून हातातल्या आरशात बघत भुवई रेखत असतो, मागे भिंत, पुढे मी, मधे हातभर जागा. तिथे फ्लॅश मारणं म्हणजे त्याच्या तंद्रीत घुसणं. २४ मिमी, एफ/१.४, १/१२५, आयएसओ ३२०० यावर तो चेहरा मिळतो आणि कोपऱ्यातला कोमा कुणाच्या लेखी नसतो, कारण कोपऱ्यात काळोखच असतो. तिथे दोन वेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. मुकुटावरच्या चमकीच्या काठाला, फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी छटा येते. हा लांबीच्या दिशेचा रंगदोष, एफ/२ ला बराच उतरतो. दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. फ्रेमच्या डाव्या-उजव्या काठावर २४ मिमीत गोल वस्तू १.२५ पट रुंद होते, २० मिमीत जवळपास १.३५ पट. यात लेन्सची चूक नाही, सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर हे भूमितीने ठरलेलं आहे, सर्वांत महाग लेन्सही यातून सुटत नाही. म्हणून संकासुर काठावर उभा असला तरी चालेल, पण शेजारी बसलेल्या पेटीवाल्या काकांचा चेहरा तिथे ठेवू नका.

कडांच्या काळोखाबद्दल थोडं. २० मिमीत कोपरा मध्यापासून ४७ अंशांवर असतो आणि साध्या कोसाइनच्या चौथ्या घाताच्या नियमाने तिथे जेमतेम २१ टक्के प्रकाश पोचायला हवा. आजच्या रचना यावर काही प्रमाणात मात करतात, पण उघड्या ॲपर्चरला दोन स्टॉपच्या आसपास घट सामान्य आहे. सॉफ्टवेअर ती भरून काढतं तेव्हा तुमचा आयएसओ ३२०० चा कोपरा १२८०० सारखा दाणेदार होतो आणि पाखरंही उजळतात. मी ही दुरुस्ती निम्मीच ठेवतो.

सूर्यास्ताला ही लेन्स वापरायची तर एफ/११ ला, काच स्वच्छ. ॲपर्चरला नऊ पाती असतील तर सूर्याला अठरा किरण येतात. एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनचा (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा) डाग २१ मायक्रॉनवर जातो, तिथे काही मिळत नाही.

तारकर्लीची फ्रेम पुन्हा काढाल तेव्हा एफ/२.२, १० सेकंद, आयएसओ ६४०० असे आठ-दहा फोटो घेऊन एकत्र जोडा, आणि समुद्र व होड्या एफ/४ ला वेगळ्या फोटोत घ्या, क्षितिज फ्रेमच्या मधे ठेवून. ऑक्टोबरात पाऊस सरला की वृश्चिक-धनूचा हा भाग संध्याकाळीच नैऋत्येला समुद्रावर उतरतो, तेव्हा तुम्हाला पहाटे तीनला उठावंही लागणार नाही. तोपर्यंत पावसाळ्याच्या चार महिन्यांत लेन्स कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवू नका, आत बुरशीचं जाळं धरतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के, आणि पंधरवड्यातून एकदा बाहेर काढून वापरणं.

पण आधी परतीची मुदत कधी संपते ते बिलावर बघा आणि त्याआधी फॉइलची चाचणी करा. चारही कोपऱ्यांचे तुकडे रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल), कुठलीही दुरुस्ती न लावता, शंभर टक्क्यांवर कापून दाखवा. कोणता कोपरा कोणता हे प्रत्येकावर लिहा. मी बघून नक्की सांगतो.